लांब दांड्याचा स्टँड

आमच्या घरच्या वरणाला त्या काळात पेट्रोलचा वास यायचा. वरणात कोणी काही सांडलेलं नव्हतं. समोरच्या खोलीत मोटरसायकल उभी होती, आणि भिलाईतल्या खुर्सीपारच्या आमच्या घरात समोरची खोली आणि स्वयंपाकाची खोली यांच्यामध्ये दाराऐवजी एक पडदा होता, बस. माय फोडणी द्यायची, लसूण तडतडायचा, आणि त्या लसणाच्या आडून तो गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचाच. भातावरून यायचा, पाण्याच्या माठावरून यायचा, उशीच्या अभ्र्यातून यायचा. अंबाडीची भाजी मला जिवापाड आवडायची, ती मी त्या दिवसांत सोडली ती सोडलीच. आजही पेट्रोल पंपावर नवरा स्कूटर थांबवतो तेव्हा मी उतरून लांब जाऊन उभी राहते. त्याला वाटतं मला चक्कर येते. चक्कर नाही, किळस येते.

गाडी माझ्या भावाची. प्रबोध त्याचं नाव, मी दादा म्हणायची. आमच्या गल्लीतला तो पहिला इंजिनिअर. विहारात त्याचा सत्कार झाला तेव्हा बाबांनी नवा शर्ट शिवला होता आणि कार्यक्रमभर ते स्वतःच्याच कॉलरला हात लावून पाहत होते. दादा पुण्याला नोकरीला लागला, तिथं त्यानं ही गाडी घेतली. साधी नव्हे, जड, पाचशे सीसीची. एका माणसाला ढकलताना घाम फुटावा अशी. मग कंपनीनं त्याला दुबईला पाठवलं. गाडी विकायची त्याची तयारी नव्हती, मित्रांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यानं ती रेल्वेनं दुर्गला पाठवून दिली. बाबा पोलादाच्या प्लांटमधून सुट्टी टाकून पार्सल ऑफिसात गेले आणि छोट्या टेम्पोत घालून गाडी घेऊन आले. गल्लीत पेढे वाटले. घरासमोर बाबांनी स्वतः सिमेंटचा उतार बांधला, चौकटीच्या उंबऱ्याची लाकडी पट्टी काढून टाकली आणि गाडी घरात घेतली. बाहेर ठेवली तर प्लांटची लाल धूळ बसते, पावसानं गंजते, चोर नेतात, असं दादानं फोनवर सांगितलं होतं. घरात कोण कुठं बसणार हे काही त्यानं सांगितलं नव्हतं.

समोरच्या खोलीत आबाजींची खाट होती. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. प्लांट उभा राहत होता तेव्हा ते भंडाऱ्याकडून इथं आले. खांद्यावर लोखंड वाहिलं, मग जड सामान चढवणारे-उतरवणारे खलाशी म्हणून लागले, आणि सुट्टीच्या दिवशी एक-एक भिंत करत हे घर त्यांनी बांधलं. मी मोठी झाले तोवर त्यांची चाल गेली होती. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले होते. चप्पल पायात आहे की निसटली हे त्यांना खाली पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यांची खाट खिडकीखाली. तिथून गल्ली दिसायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते हाक मारायचे, मराठी माणसाला मराठीत, शेजारच्या साहू काकीला छत्तीसगढीत, आणि उन्हाळ्यात सकाळी बोरे-बासीचं, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेल्या भाताचं, भांडं मांडीवर घेऊन कांद्याला मुठीनं ठेचायचे. त्या ठेचण्याच्या आवाजानं मला जाग यायची. प्लांटचा भोंगा, लांबून भिलाई-३ कडची मालगाडी, आणि आबाजींचा कांदा. माझी सकाळ म्हणजे एवढंच.

आता त्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी मोटरसायकल आली. तोंड दाराकडे, शेपूट खाटेकडे. आबाजी डोळे उघडायचे तर समोर मागचं चाक आणि लाल दिवा. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. उलट, "माह्या नातवाची गाडी आहे," असं खिडकीतून लोकांना सांगायचे. मला त्याचाही राग यायचा.

दर रविवारी दुपारी दादाचा फोन. बाबा रोलिंग मिलमध्ये काम करायचे, तापलेल्या लोखंडाशी रोजची गाठ, आवाज दणदणीत. पण फोनवर दादाशी बोलताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा, साहेबापुढं उभे राहिल्यासारखा. दादा विचारायचा, बॅटरी कशी आहे, इंजिन दहा मिनिटं चालवलं का, टायरमधली हवा पाहिली का. मायला तो विचारायचा, "चेनले ब्रश मारला?" माय म्हणायची, "मारला बाप्पा." आणि खरंच मारायची. घासलेट आणि जुना दातांचा ब्रश घेऊन ती चाकाशेजारी बसायची, पदर खोचून. नखांत जे काळं जायचं ते पिठात दिसायचं. मी एकदा भाकरीवर बोट उमटलेलं पाहिलं आणि ताटावरून उठले. बाबा म्हणाले, "नखरे करून राहिली पोरगी."

दोनेक महिन्यांनी दादानं सांगितलं की गाडी साइड स्टँडवर तिरपी उभी ठेवून चालणार नाही. टायर एकाच जागी दबतो, चेन साफ करायला चाक फिरत नाही. गाडीला डबल स्टँड होता, पण पुण्यात त्यानं मागं रुंद टायर बसवून घेतला, सायलेन्सर खाली आणला आणि त्या नादात डबल स्टँड काढून फेकला. आता म्हणे मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड पाहिजे. रेसच्या गाड्यांना असतो तसला. त्यानं ईमेलवर फोटो पाठवले आणि मला पॉवर हाउसच्या बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन पाहायला लावलं. मी पाहिले. नळीचा एक चौकोन, खाली दोन लहान चाकं, वर रबर लावलेले दोन हात, आणि मागं दांडा. ते दोन हात गाडीच्या चिमट्याखाली घालायचे, चिमटा म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा लोखंडी भाग, आणि दांडा वरून खाली दाबायचा. गाडीचं ढुंगण उचललं जातं. एकानं गाडी सरळ धरायची, दुसऱ्यानं दाबायचं. घरी हे काम कोण करणार होतं ते सांगायला नको. बाबा शिफ्टला. मी धरायची, मायनं दाबायचं.

बाबांचं म्हणणं होतं, इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावू, प्लांटमध्ये आम्ही याहून जड वस्तू ठोकळ्यावर उभ्या करतो. दादा फोनवर हसला. "बाबा, वो मशीन नहीं है, बाइक है." बाबाही हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

मग रायपूरला गेलो, बाबा, माय आणि मी. एका स्पेअर पार्टच्या दुकानात तयार स्टँड मिळत होता. पातळ नळीचा, आखूड दांड्याचा, निळा रंग मारलेला. दुकानदारानं जमत नसेल तर परत आणा असं सांगून दिला. घरी आणला. मी हँडल धरून गाडी सरळ केली, मायनं दांड्यावर दोन्ही हात टेकले. काही झालं नाही. तिनं एक पाय उचलला, मग दोन्ही. माझी माय लहान चणीची होती. दांड्याला लोंबकळलेली ती मला झाडाला अडकलेल्या पतंगासारखी दिसली. स्टँड फरशीवरून सरकला, त्याचा एक हात चिमट्याखालून निसटला, आणि गाडी माझ्या अंगावर कलली. मी आणि मायनं कशीबशी पेलली. खाटेवरून आबाजी दोन्ही हात पुढं करून बसले होते, जणू ते झेलणार होते. मायच्या तळहाताला फोड आला. तो स्टँड दुसऱ्या दिवशी परत गेला.

हथखोजला एका लहान कारखान्यात फॅब्रिकेशनचं काम करणारा बाबांच्या ओळखीचा यादव म्हणून होता. बाबा मला मागं बसवून सायकलनं घेऊन गेले, कारण मापं माझ्याकडं होती. पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंगच्या ठिणग्या, जळक्या रंगाचा वास, आणि दाराशीच एक मेलेली घूस, तिच्यावर माश्या. कोणी ती उचलत नव्हतं. यादवनं फोटो पाहिला आणि म्हणाला, "बना देंगे. दांडा लंबा रखना पड़ेगा, तब औरत जात से उठेगा. जितना लंबा, उतना हलका." ते बरोबर होतं. त्यानं एका जाड पाइपाचा नमुना जोडून दाखवला, बाबांनी तिथं उभी असलेली दुसरी गाडी एका हातानं उचलली.

पण दांडा लांब म्हणजे तो खाली दाबल्यावर फरशीला समांतर मागं पसरणार. घरी आम्ही खडूनं रेघ मारून पाहिली. चाकाच्या मागं जिथं दांड्याचं टोक येत होतं, तिथं खाट होती. आबाजींचे पाय जिथं असायचे तिथंच.

मायनं रेघेकडं पाहिलं, मग खाटेकडं, आणि म्हणाली, "हापशीचा दांडा आखूड पडला का लोक त्याच्यात पाइप घालतेत न वरून. तसंच करा. उचलाच्या वेळेस पाइप घाला, उचलून झालं का काढून ठेवा. आखूड दांडा रायला का खाट हलवाचं काम नाही."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परस्पर हथखोजला गेले. यादव म्हणाला, "हो जाएगा बेटी, एक नट-बोल्ट का काम है." मी घरी येऊन सांगितलं. मायनं मला त्या दिवशी खारं मुर्रं, म्हणजे चुरमुरे, आणि चहा दिला, आणि आम्ही दोघी उगाचच हसत होतो. आबाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "माह्यासाठी कायले एवढं?" पण चेहरा उजळला होता.

बाबांना दादाला विचारल्याशिवाय काही करवत नव्हतं. रविवारी फोन आला. बाबांनी सगळं समजावून सांगितलं, मायचं नाव न घेता, जणू त्यांनाच सुचलं. मी फोनला कान लावून उभी होते. दादा म्हणाला, "नहीं बाबा, जोड नको. जोडात प्ले येतो, ढिला पडते, किसी दिन गाडी पडन. एकच पाइप, लांबवाला घ्या."

"लांब घेतला तं आबाजीची खाट आडवी येते," बाबा म्हणाले.

"खाटेचं काय आहे बाबा? मागं छपरीत टाका ना. तसेही ते पडूनच राहतेत."

 मला वाटलं आता बाबा बोलतील. आपल्या बापाच्या घरात आपल्या बापाची खाट कुठं असावी हे आपण ठरवू, असं काहीतरी. ते एवढंच म्हणाले, "बरं."

पुढं मी नोकरी केली, लग्न केलं, वाईट माणसं पाहिली, आमच्याच नातेवाइकांत एकमेकांच्या तोंडावर थुंकणारी भावंडं पाहिली. पण त्या "बरं"ची आली तेवढी किळस अजून कशाचीच आली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दादाचं मी समजू शकते. त्याला लांबून फक्त गाडी दिसत होती. बाबांना तर खाट दिसत होती. तीन पावलांवर होती.

मागची छपरी म्हणजे पत्र्याचा उतार. एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत, आणि मधून उघडी नाली. तिथं सायकली, जुने डबे, फुटका कूलर ठेवलेला. बाबांनी जागा झाडली, चुना टाकला, गोणपाट टांगलं. खाट न्यायची तेव्हा आबाजी स्वतः उठले आणि भिंतीला धरून उभे राहिले, गादीची गुंडाळी काखेत घेऊन. माय म्हणाली, "मामाजी, तुमी बसा न." सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत. ते म्हणाले, "बसू कुठं? खाट तं तुमी उचलली." ते चिडून बोलले नाहीत. खरंच बसायला जागा नव्हती म्हणून बोलले. मायनं गादी त्यांच्या हातातून घेतली आणि तोंड फिरवलं.

लांब दांड्याचा स्टँड आला. पिवळा रंग, हातात धरायला रबराची मूठ. मायनं एका हातानं गाडी उचलली. बाबांनी तिच्याकडून तीन-चारदा उचलून घेतली, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं आणि आरे चमकायचे. बाबांनी दादाला फोनवर सांगितलं, "मक्खन आहे, मक्खन." साहू काकी बघायला आली होती. तिनं खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि विचारलं, "अउ बबा कहाँ हे?" बाबांनी चाक पुन्हा फिरवून दाखवलं. ती चहा न घेता गेली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याचा तपशील सांगताना आजही तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. नालीचा वास आबाजींच्या पांघरुणाला लागला. मी रोज धुवायची, रोज लागायचा. जेवताना त्यांच्या ताटाभोवती चिलटं. कोणी संडासाला जायचं तर त्यांच्या उशाजवळून जावं लागायचं, आणि ते दर वेळी डोळे मिटून घ्यायचे, जाणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. खिडकी गेली तशी त्यांची हाक गेली. दिवसभर कोणाशी बोलायचं? मी कॉलेजातून आले की त्यांच्याजवळ बसायची, गल्लीत कोण दिसलं ते सांगायची. ते विचारायचे, "गाडी चालू करून पाह्यली का आज?" मी म्हणायची, "तुमाले कावून पायजे गाडी?" ते म्हणायचे, "पोराची वस्तू आहे. खराब नाही झाली पायजे." समोरच्या खोलीत कोरडी, ऊबदार, झाकणाखाली ती वस्तू उभी असायची. तिच्या टायरखाली ओल लागू नये म्हणून बाबांनी रबराची चटई टाकली होती.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी माय चहा घेऊन मागं गेली. मी ओट्याशी तांदूळ निवडत होते. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग मायनं मला नावानं हाक मारली, "सुजाता." घरात मला सगळे सुजी म्हणायचे. मी धावले.

आबाजी उठून बसले होते, चहाकडं हात केलेला. पांघरुणाच्या पायाकडच्या भागाला काळपट डाग. मायनं पांघरूण वर केलं होतं. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट कुरतडलेलं होतं. कापलेलं नाही, कुरतडलेलं. कडा दातेरी, आतलं पांढरट दिसत होतं. खाटेखाली लेंड्या. नालीच्या तोंडाशी एक घूस बसली होती, मांजराएवढी, आणि आम्हाला पाहूनही हलली नाही. मी चप्पल फेकली तेव्हा ती सावकाश आत गेली.

"काय झालं?" आबाजी विचारत होते. "मुंगी चावली काय?"

त्यांना काही कळलंच नव्हतं. घूस खात होती आणि ते झोपले होते. मी नालीशेजारीच ओकले.

मायनं त्यांचा पाय मिठाच्या कोमट पाण्यानं धुतला, स्वच्छ लुगड्याचा तुकडा बांधला. साहू काकीच्या मुलानं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पट्टी केली, आणि बोटं वाचतील की नाही ते सांगता येत नाही म्हणाले. झोपायची जागा कोरडी ठेवा, म्हणाले. मायनं मान हलवली.  परत येताना आबाजी रिक्षातून बाहेर पाहत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना रस्ता दिसत होता.

घरी आल्यावर मायनं आबाजींना साहू काकीच्या ओट्यावर बसवलं आणि मला म्हणाली, "हँडल धर." मी धरलं. तिनं स्टँडचा दांडा वर उचलला. गाडी धप्पकन चाकावर आली. नेहमी ती हळू उतरवायची, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी नाही. आम्ही दोघींनी ती उतारावरून बाहेर ढकलली, घराला वळसा घालून मागच्या बोळात नेली आणि नालीच्या काठाला साइड स्टँडवर उभी केली. मायनं स्टँडही आणला आणि तिथंच टाकला. मग आम्ही खाट समोर आणली. चटई काढून मायनं फिनाइल टाकून फरशी घासली, दोनदा, हात दुखेपर्यंत.

बाबा शिफ्टवरून आले. दारात उभे राहिले. खाट, पट्टी, पट्टीतून पाझरलेलं पिवळं, सगळं पाहिलं. त्यांना समजलं. रडलेही, आबाजींच्या पायाशी बसून. आणि तोंड पुसल्यावर पहिला प्रश्न विचारला, "प्रबोधले काय सांगू?"

माय म्हणाली, "तुमी नका सांगू. मी सांगीन."

रविवारी फोन तिनं घेतला. दादानं विचारलं असावं चेनचं, कारण ती म्हणाली, "गाडी मागं ठेवली नालीजवळ. तुह्या आबाजीचा पाय घुशीनं खाल्ला, म्हणून." मग ती ऐकत राहिली. मी जवळच होते. दादा म्हणाला, "अरे रे. डॉक्टरले दाखवलं ना?" माय म्हणाली, "दाखवलं."  आणि दादा म्हणाला, "माय, पण गाडीवर कव्हर टाकलं ना?"

मायनं फोन कानापासून दूर धरला, त्याला काही घाण लागलेली असावी तसा, आणि बाबांच्या हातात दिला.

बाबा शिफ्टवरून आल्यावर बोळात जाऊन गाडीवर प्लास्टिक बांधायचे. माय त्यांना अडवत नव्हती, मदतही करत नव्हती. अवकाळी पाऊस आला तसं प्लास्टिक फाटलं. टाकीवर लाल धुळीचा थर बसला, त्यावर मांजरांचे पंजे.

दादा आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर, दोन आठवड्यांच्या सुट्टीवर. हातात चॉकलेटचे डबे, अंगाला अत्तराचा वास. घरात शिरून आबाजींच्या खाटेजवळून "कसे आहात आबाजी" म्हणत तो सरळ मागं गेला. परत आला तेव्हा चेहरा लाल. "एक चीज सांभाळली नाही गेली तुमच्याकडून," तो म्हणाला. "चिमट्यावर स्क्रॅच, चेन पूरी जंग खाल्ली. मी काय मांगत होतो? एक स्टँडवर ठेवा, बस."

माय तेव्हा आबाजींची पट्टी सोडत होती. रोजचं काम झालं होतं ते. अंगठा आतापर्यंत अर्धा गेला होता, जखम भरत नव्हती, आणि पट्टी सोडली की जो वास सुटायचा तो आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. मी तेवढ्या वेळ श्वास धरायला शिकले होते. मायनं वर पाहिलं आणि म्हणाली, "ये. इथं बस."

"काय?"

"बस म्हणलं ना."

तो बसला. तिनं कापूस आणि औषधाची वाटी त्याच्या हातात दिली. "पूस."

दादानं पायाकडं पाहिलं. वास त्याच्यापर्यंत पोचला तसं त्याचं तोंड वाकडं झालं, हात नाकावर गेला. "माय, मले नाही होणार. वास येऊन राहिला."

"येतेच," माय म्हणाली. "पूस."

आबाजी म्हणाले, "जाऊ दे सूनबाई. पोराले सवय नाही." आणि त्यांनी पाय आखडून घ्यायचा प्रयत्न केला, नातवाला त्रास नको म्हणून. पाय नीट आखडला गेला नाही. मायनं तो धरून पुन्हा सरळ केला, हलक्या हातानं, आणि दादाकडं पाहत राहिली.

त्यानं कापूस जखमेजवळ नेला. टेकवला नाही. मग वाटी खाली ठेवून तो उठला आणि बाहेर धावला, आणि आम्हाला बोळातून त्याच्या ओकण्याचा आवाज ऐकू आला. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागं गेले. बापाच्या पायाशी ते एवढ्या महिन्यांत पाण्याचा तांब्या घेऊन कधी बसले नव्हते. मला त्या क्षणी त्या दोघांची सारखीच किळस आली, ओकणाऱ्याची आणि पाठ चोळणाऱ्याची. जखमेची नाही आली. त्या दिवसापासून मी श्वास धरणं सोडलं.

मायनं वाटी उचलली, जखम स्वतः पुसली, पट्टी बांधली, हात धुतले आणि भात टाकायला आत गेली.

दादानं गाडी दुरुस्त करून घेतली आणि सुट्टी संपायच्या आधीच ती घेऊन पुण्याला गेला. तिथंच विकली म्हणे नंतर. स्टँड आमच्याकडंच राहिला. भंगारवाला गल्लीत आला तेव्हा मायनं तो बोळातून ओढत आणून त्याच्या गाड्यावर टाकला आणि बदल्यात काही न मागता वळली. भंगारवाल्यानं हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. आबाजी पुढच्या थंडीपर्यंत जगले, खिडकीखाली, दोन बोटं कमी घेऊन. शेवटच्या आठवड्यातही साहू काकीला सांगत होते की नातू दुबईला मोठा साहेब आहे. ती "हव बबा" म्हणायची आणि माझ्याकडं पाहायची नाही.

परवा माझा मुलगा मोबाइलवर असलेच स्टँड पाहत होता. आता म्हणे तऱ्हेतऱ्हेचे मिळतात, घरपोच येतात. त्यानं विचारलं, "आई, कोणता घ्यावा?" त्याच्याकडं अजून गाडी नाही, नुसती हौस. मी म्हणाले मला त्यातलं कळत नाही, आणि दुसऱ्या खोलीत गेले. खोटं बोलले. त्यातलं मला सगळं कळतं.

दादा अजूनही फोन करतो. बाबा वारल्यापासून माझ्याकडं करतो, कारण माय आता माझ्यासोबत भिलाई-३ ला असते. रविवारी दुपारी. तो मायची तब्येत विचारतो, मी सांगते, माय समोर बसून शेंगा सोलत असते. त्या उन्हाळ्यानंतर तिनं त्याच्याशी भांडण केलं नाही, त्याला घर बंद केलं नाही, आला तर जेवायला वाढते. पण आधी बाबांनी फोन ठेवला की ती विचारायची, काय म्हणे प्रबोध? ते विचारणं तिनं त्या वर्षी बंद केलं. मी फोन ठेवते. ती शेंगांची टरफलं सुपात घेते आणि मला म्हणते, दार उघड, हवा येऊ दे.